प्लॅनेट ऑफ द एप्सचा पाच सिनेमांचा ब्लू-रे सेट: पाच जणांनी पाच बैठकांत बघितला, त्याबद्दल

आधीच सांगून ठेवतो, पुढे सगळे शेवट उघड केलेले आहेत, त्यामुळे १९६८ चा पहिला सिनेमा ज्यांनी बघितला नाहीये आणि ज्यांना त्याचा शेवट खरंच माहीत नाहीये (असे लोक असतात, माझी आत्याच त्यातली) त्यांनी इथेच थांबा, कोणालातरी सोबत घेऊन तो बघा आणि मग या.

तर हा मूळ मालिकेचा सेट. १९६८ ते १९७३ मध्ये आलेले पाच सिनेमे, म्हणजे प्लॅनेट ऑफ द एप्स, मग बिनीथ, एस्केप, कॉन्क्वेस्ट आणि बॅटल. नंतरच्या काळात जे नवे आले ते यात नाहीत, घेताना ते नीट बघून घ्या, कारण नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो. पाचही मिळून साधारण आठ तासांचा ऐवज आहे, पहिला सगळ्यात मोठा म्हणजे ११२ मिनिटांचा आणि बाकीचे सगळे शंभरच्या आतले.

आम्ही बघणारे पाच जण. मी, माझा दादा ज्याला ही मालिका लहानपणापासून पाठ आहे, त्याची सोळा वर्षांची मुलगी, आत्या जिने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं पण सायन्स फिक्शन सिनेमा कधी बघितला नाही, आणि माझी एक मैत्रीण जी नाटकांसाठी रंगभूषा करते. ही माणसं मुद्दाम सांगतोय, कारण या सेटची खरी किंमत मला या चार जणांमुळे कळली. मी हे पाचही सिनेमे याआधी एकट्याने दोनदा बघितले होते आणि माझं मत ठरलेलं होतं की पहिला अप्रतिम, तिसरा चांगला, बाकीचे तीन केवळ संग्रह पूर्ण व्हावा म्हणून. ते मत आता राहिलेलं नाही.

सुरुवातीला दादाचा आग्रह होता की एकाच दिवशी पाचही बघायचे. १९७४ मध्ये स्टुडिओने स्वतःच हे पाचही सिनेमे एकत्र करून थिएटरमध्ये परत लावले होते आणि लोक दिवसभर बसून बघायचे, तसं आपणही करू असं त्याचं म्हणणं. मी नको म्हटलं, कारण मागे एकदा मित्रांबरोबर तो प्रयोग करून झालाय, तिसऱ्यापर्यंत सगळे जागे असतात आणि चौथ्याला, जो सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा आहे, माणसं डोळे चोळत बसलेली असतात, बोलायला कोणात त्राणच उरत नाही. म्हणून आठवड्याला एक असं ठरवलं. नियम दोनच, सिनेमा चालू असताना फोनवर काही शोधायचं नाही, आणि कोणालाही कधीही पॉज म्हणायचा हक्क. हा दुसरा नियम एरवी मला अजिबात आवडत नाही पण या मालिकेला तो फार मानवला.

आणि हो, एक काम मी सगळ्यात आधी केलं, सेटच्या खोक्याला वर्तमानपत्र गुंडाळून ठेवलं. या सिनेमाच्या व्हिडिओ आवृत्त्यांच्या कव्हरवर वर्षानुवर्षं शेवटच्या दृश्यातला तो पुतळाच छापलेला असतो, जे बघण्यासाठी माणूस पावणेदोन तास बसणार तेच आधी दाखवून टाकायचं, हे मला कधीच समजलेलं नाही. आत्याला काहीच माहीत नव्हतं आणि ते तसंच राहायला हवं होतं.

पहिला सिनेमा. फ्रँकलिन शाफ्नरचं दिग्दर्शन, चार्ल्टन हेस्टन नायक टेलरच्या भूमिकेत, पिएर बूल या फ्रेंच लेखकाच्या १९६३ च्या कादंबरीवरून घेतलेला. बोलणारे वानर राज्य करतात आणि माणसं मुकी जनावरं, अशा ग्रहावर पोचलेल्या अंतराळवीराची ही गोष्ट. यान तळ्यात कोसळतं आणि टेलरसकट तिघे अंतराळवीर वाळवंटातून चालत राहतात, तो सगळा भाग युटा आणि ॲरिझोनाच्या कोरड्या खडकाळ प्रदेशात शूट केलाय, आणि ब्लू-रेवर तो काय दिसतो म्हणून सांगू, खडकांचे थर, उन्हाची धग, माणसं एवढीएवढीशी. पहिला वानर पडद्यावर यायला अर्धा तास लागतो. पुतणीला मी सांगितलं होतं की जरा धीर धर, पण तिला सांगायची गरजच पडली नाही, कारण त्या अर्ध्या तासात जेरी गोल्डस्मिथचं संगीत माणसाला खुर्चीत सैल बसूच देत नाही. स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी, शिंगं, असलं काय काय वाजवून त्याने तो आवाज तयार केलाय, चाल म्हणून गुणगुणता येईल असं त्यात काही नाही, पण अंगावर येतं. पहिल्या डिस्कवर गोल्डस्मिथचं स्वतःचं निवेदन असलेला ट्रॅकही आहे, तो मी नंतर एकट्याने ऐकला, संगीताची आवड असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा हा सेट घ्यावा.

मग शिकारीचा प्रसंग, शेतातून पळणारी मुकी माणसं आणि घोड्यावर बसलेले गोरिला. इथे पहिला पॉज आला, मैत्रिणीकडून. तिने किम हंटर जिथे झिराच्या, म्हणजे चिंपांझी शास्त्रज्ञ बाईच्या, रूपात पहिल्यांदा जवळून दिसते तिथे चित्र थांबवलं आणि उठून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. म्हणाली, हा एक मुखवटा नाहीये, तुकडे आहेत, वरचा ओठ-नाक वेगळं, हनुवटी वेगळी, आणि जोड बघ कुठे लपवलेत. जॉन चेंबर्सने हे केलं, ज्याने त्याआधी दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव बनवायचं काम केलं होतं, म्हणजे माणसाचा गेलेला चेहरा परत कसा द्यायचा हे ज्याला माहीत होतं त्याच माणसाने इथे माणसाच्या चेहऱ्यावर दुसरा चेहरा चढवला. फोम रबरचे ते तुकडे चिकटवायला रोजचे तीन-चार तास लागायचे. रंगभूषेसाठी तेव्हा ऑस्करला नियमित पुरस्कारच नव्हता, तो १९८० च्या दशकात सुरू झाला, त्यामुळे चेंबर्सला मानद ऑस्कर दिलं. मैत्रिणीने आणखी एक सांगितलं जे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, रबर चढवल्यावर नट गप्प उभा राहिला की चेहरा मेलेला दिसतो, म्हणून हे लोक सतत नाक, गाल, ओठ हलवत राहतात. झिराचा जोडीदार कॉर्नेलियस झालेला रॉडी मॅकडॉवल तर ते इतरांनाही सांगायचा. त्यानंतर आम्ही सगळे मॅकडॉवलचं नाकच बघत बसलो, आणि खरंच, कॉर्नेलियस गप्प असतो तेव्हासुद्धा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी चालू असतं.

टेलरवरच्या खटल्याच्या प्रसंगात तीन ओरांगउटान न्यायाधीश वाईट बघू नका-ऐकू नका-बोलू नका अशा पोझमध्ये बसतात, ते मला पूर्वी जरा जास्तच वाटायचं. दादाने सांगितलं की पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक मायकेल विल्सन, ज्याचं नाव कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलीवूडच्या काळ्या यादीत होतं, बूलच्याच दुसऱ्या कादंबरीवरच्या एका गाजलेल्या युद्धपटाची पटकथा त्याने लिहिली आणि पडद्यावर नाव आलं नाही. हे कळल्यावर तो खटला वेगळाच दिसायला लागतो, उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारणारी माणसं ज्याने जवळून बघितली त्याने तो लिहिलाय.

आणि शेवट. आत्या पूर्ण वेळ धरून बसली होती की हा दुसरा ग्रह आहे, दादाला तिने मध्येच विचारलंही होतं की अरे हे इंग्रजी कसं बोलतात, त्या अंतराळवीराला याचं काहीच कसं वाटत नाही, आणि दादा फक्त हसला. किनारा, घोडा, टेलर खाली उतरतो, वाळूत गुडघे टेकतो, आणि कॅमेरा मागे जातो, समोर वाळूत अर्धा गाडलेला स्टॅच्यू ऑफ लिबर्टी. आत्या एकदम म्हणाली, "म्हणजे घरीच होता की रे तो." बस, एवढंच. नंतर श्रेयनामावलीला संगीत नाही, नुसत्या लाटांचा आवाज येतो, आणि तेवढा वेळ कोणी एक अक्षर बोललं नाही. कॅलिफोर्नियाच्या मालिबूजवळचा समुद्रकिनारा आणि रंगवलेलं चित्र जोडून केलेलं दृश्य आहे ते, कुठलाही कॉम्प्युटर नाही, आणि पन्नासहून जास्त वर्षांनी एका माणसाला त्याने असं धरलं.

दुसरा सिनेमा बिनीथ, १९७०, दिग्दर्शक टेड पोस्ट. इथे मी सगळ्यांना आधीच सावध केलं होतं. हेस्टनला परत यायचं नव्हतं म्हणून त्याला सुरुवातीला आणि शेवटी थोडंसं ठेवलंय आणि मधल्या भागात त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा अंतराळवीर ब्रेंट. मॅकडॉवल पाचांपैकी फक्त यातच नाही, कॉर्नेलियसचं काम दुसऱ्याने केलंय, आणि ते लगेच कळतं. पैसे कमी झाल्याचंही दिसतं, मैत्रिणीने गोरिला सेनापतीच्या भाषणाच्या सभेत चित्र थांबवून मागच्या रांगा दाखवल्या, तिथे रंगभूषा नाहीच, सरळ डोक्यावरून ओढायचे मुखवटे आहेत, ब्लू-रेच्या स्वच्छ चित्रात ते आणखीनच उघडे पडतात. दादाचा जुना मुद्दा तारखांचा, पहिल्यात यानाच्या घड्याळावर ३९७८ साल आणि यात ब्रेंट म्हणतो ३९५५, मग शोधायला आलेला आधी पोचला कसा? यावर दादा आणि पुतणी वीस मिनिटं भांडले, घड्याळ बिघडलं इथपासून काळाच्या वेगवेगळ्या फाट्यांपर्यंत. मला वाटतं ती लेखनातली साधी चूक आहे, पण अशी चूकच चाहत्यांना बोलायला जागा देते, आणि पुतणीची मांडणी ऐकून दादा पहिल्यांदाच गप्प झाला हे सांगायलाच हवं.

पण खरी गोष्ट आत्याने काढली. जमिनीखालच्या न्यूयॉर्कमध्ये राहणारी, अणुबॉम्बची प्रार्थना करणारी ती विद्रूप माणसं एकमेकांशी मनातल्या मनात बोलतात, तोंड उघडत नाहीत. आणि नोव्हा, टेलरसोबतची बाई, जी दोन सिनेमे मुकी आहे, तिच्या तोंडून शेवटाकडे एकच शब्द निघतो, टेलरचं नाव, आणि लगेच ती मारली जाते. आत्या म्हणाली, "पहिल्यात त्या माणसाचा घसा जखमी होता, तो बोलला तेव्हा सगळे हादरले. इथे ज्यांना बोलता येतं ते तोंड मिटून बसलेत आणि जिला येत नव्हतं ती बोलली तर मेली. हे कोण बोलणार आणि कोण नाही याबद्दल चाललंय का सगळं?"

मी हे सिनेमे दोनदा बघून हे बघितलं नव्हतं. दादाने तर किती वेळा बघितलेत त्याचा हिशेब नाही, त्यालाही दिसलं नव्हतं. आणि त्या एका प्रश्नाने पुढचे तीन सिनेमे आमच्यासाठी पूर्ण बदलले.

तिसरा एस्केप, १९७१, डॉन टेलर. दुसऱ्याच्या शेवटी पृथ्वीच नष्ट होते, आणि तरीही निर्माता आर्थर जेकब्सला पुढचा भाग हवा होता, तेव्हा लेखक पॉल डेनने काय करावं, तर झिरा आणि कॉर्नेलियसला टेलरच्याच यानात बसवून मागे १९७३ मध्ये आणलं. डेन हा कवी, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या कथा त्याच्याच. यानातून तीन अंतराळवीर उतरतात, शिरस्त्राणं काढतात आणि आत वानर, हे दृश्य पुतणीला सगळ्या मालिकेत सर्वात जास्त आवडलं. यात पहिल्या सिनेमाची बाजू उलटलेली आहे, आता पिंजऱ्यात ते आणि बाहेर आपण, आणि परत प्रश्न तोच, बोलायचं का गप्प बसायचं. त्यांच्यासोबत आलेला तिसरा वानर डॉक्टर मिलो म्हणतो गप्प राहू, आणि झिरा बुद्धीची चाचणी घेणाऱ्या माणसांवर वैतागून एकदम बोलून जाते. आत्या तिथे मान हलवत हसली, शाळेत अशी मुलं बघितल्येत म्हणाली.

पहिला अर्धा भाग हलकाफुलका आहे, कपडे, समारंभ, पत्रकार, गोल्डस्मिथ इथे परत आलाय आणि त्याचं संगीतही मोकळं झालंय, आणि मग हळूहळू फास आवळत जातो. झिराच्या पोटातल्या बाळाच्या मागे लागणारा शास्त्रज्ञ डॉक्टर हॅसलाइन, त्याला मी नेहमी खलनायक समजायचो. पण त्याचा युक्तिवाद पॉज करून परत ऐकला तर तो एवढंच विचारतोय की पुढे येणारी आपत्ती माहीत असेल तर ती आजच थांबवायची का, एका न जन्मलेल्या बाळाला मारून? आम्ही त्या रात्री सिनेमाच्या लांबीएवढंच बोललो. पुतणी हॅसलाइनच्या पूर्ण विरोधात, मैत्रीण पण, दादा मध्ये अडकलेला, आत्या बराच वेळ काही बोललीच नाही. मग शेवट, झिरा-कॉर्नेलियस मारले जातात, आणि सर्कसमध्ये लपवलेलं त्यांचं पिल्लू पिंजऱ्यात बसून मामा, मामा म्हणतं, म्हणजे इंग्रजीत आई. आत्या पटकन म्हणाली, "बाहुली!" आम्हाला कळेना. ती म्हणाली पहिल्या सिनेमात त्या गुहेत माणसाची जुनी बाहुली सापडली होती ना, ती काय म्हणाली होती? मामा. तेच. तेव्हा माणसाची बाहुली बोलली म्हणून सिद्ध झालं की माणूस बोलायचा, आता वानराचं बाळ बोललं. मला अक्षरशः काटा आला. हा सिनेमा एकट्याने बघताना मी त्या शेवटाला फक्त एक छान धक्का समजलो होतो.

चौथा कॉन्क्वेस्ट, १९७२, जे. ली थॉम्पसन. या सेटमधला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा, आणि सेट घ्यायचं सगळ्यात मोठं कारणही हाच, कारण यावर दोन आवृत्त्या आहेत. कथा १९९१ ची, अंतराळातून आलेल्या रोगाने कुत्री-मांजरं मेलीत, लोकांनी वानर पाळायला घेतले आणि बघता बघता त्यांना गुलाम केलं. शूटिंग लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटीमधलं, नुसतं काँक्रीट आणि काच, त्यात लाल-हिरव्या कपड्यांतले वानर रांगेने चाललेत. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९६५ मध्ये झालेल्या दंगलींची सावली या सिनेमावर उघड आहे. झिराचा मुलगा सीझर, तेही काम मॅकडॉवलचंच, त्याला बोलता येतं पण बोलला तर मरेल, म्हणून अर्धा सिनेमा तो फक्त डोळ्यांनी काम करतो, आणि मैत्रीण म्हणाली की रबराखालून एवढं दाखवणं म्हणजे हा नट किती मोठा होता ते बघा. वानरांना शिकवायच्या केंद्रात त्यांना एक शब्द पक्का केला जातो, नो. तो ऐकला की अंग चोरायचं. आणि एस्केपमध्ये कॉर्नेलियसने सांगितलेलं असतं की वानराने माणसाला उद्देशून काढलेला पहिला शब्द तोच होता, नो, कारण तोच शब्द त्याने असंख्य वेळा ऐकला होता. आत्याच्या प्रश्नामुळे आम्ही आता शब्दच मोजत होतो.

सीझरला विजेचे झटके देऊन बोलायला लावतात तो प्रसंग बघवत नाही. आणि मग बंड. आम्ही आधी मूळ, न कापलेली आवृत्ती बघितली. चाचणी खेळात प्रेक्षकांना हा शेवट फार हिंसक वाटला म्हणून थिएटरसाठी तो बदलला होता, नवीन शूटिंग न करता मॅकडॉवलच्या डोळ्यांच्या क्लोजअपवर नवे संवाद चढवून सीझरला शेवटच्या क्षणी दया दाखवायला लावली. मूळ शेवटात दया नाही, रक्त जास्त आहे, आणि सिनेमा ज्या दिशेने चाललाय तिथेच तो पोचतो. २००८ मध्ये ही आवृत्ती ब्लू-रेवर आली, तोपर्यंत लोकांना बदललेलीच माहीत होती. मग लगेच आम्ही थिएटरच्या आवृत्तीचा शेवट लावला.

इथे सगळ्यात मोठा वाद झाला. मी आणि दादा एका बाजूला, मूळच खरा, बदललेला शेवट जोडकाम वाटतो, नीट बघितलं तर सांधेही दिसतात. मैत्रीणही आमच्याकडेच. पण आत्या आणि पुतणी दुसऱ्या बाजूला गेल्या, आणि त्यांचं कारण असं होतं की मला आजही त्याला उत्तर सुचलेलं नाही. बदललेल्या शेवटात लिसा, सीझरची जोडीदार, जी एरवी पूर्ण सिनेमाभर मुकी आहे, गव्हर्नरवर बंदुका उगारलेल्या असताना पुढे होते आणि म्हणते, नो. जो शब्द मारून मारून शिकवला, जो बंडाचा पहिला शब्द म्हणून इतिहासात सांगितला, तो ती वापरते कशासाठी, तर मारू नका म्हणून. मूळ आवृत्तीत लिसा बोलतच नाही. पुतणी म्हणाली, "काका, तुम्हाला हिंसा खरी वाटते म्हणून तो शेवट आवडतो, पण गोष्ट कुठली पूर्ण होते ते बघा ना." म्हणजे स्टुडिओने दबावाने जे बदललं त्यातच मालिकेचा सगळ्यात मोलाचा शब्द आला. मी अजूनही मूळ आवृत्तीच श्रेष्ठ मानतो, पण आता दोन्ही लागोपाठ बघायला हव्यात असं प्रत्येकाला सांगेन, आणि दोन्ही एकाच डिस्कवर असल्यामुळे ते जमतं.

पाचवा बॅटल, १९७३, परत थॉम्पसन. याच्याबद्दल थोडक्यात. पहिल्या सिनेमावर साधारण ५८ लाख डॉलर खर्च झाले होते, यावर वीस लाखही नाहीत, आणि नावात लढाई असून लढाई म्हणजे मोजकी माणसं, एक स्कूल बस आणि खूप धूर. संथ आहे. डिस्कवर थोडी लांब आवृत्ती आहे, तिच्यात दुसऱ्या सिनेमातल्या त्या बॉम्बशी धागा जोडणारं दृश्य येतं, तीच लावा. पण दोन गोष्टींसाठी हा बघायलाच हवा. एक म्हणजे इथे नो हा शब्द माणसांनी वानराला म्हणायला बंदी आहे, वर्गात शिकवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून तो चुकून निघतो आणि गोरिला वर्ग उधळून लावतात. आत्याने इथे स्वतः पॉज मागितला, म्हणाली शिक्षकाला नाही म्हणता आलं नाही तर तो शिकवणार काय. दुसरी गोष्ट, सीझर उद्ध्वस्त शहराखाली जाऊन आपल्या आईवडिलांच्या जुन्या टेप शोधतो, त्यांना त्याने कधी बघितलेलं नाही, आणि पडद्यावर एस्केपमधले झिरा आणि कॉर्नेलियस बोलायला लागतात. मॅकडॉवल मॅकडॉवलचा आवाज ऐकतोय, मुलगा बापाचा. पाच सिनेमांतलं हे सगळ्यात शांत दृश्य असेल आणि क्रमाने बघितल्याशिवाय त्याचा काही अर्थ लागत नाही. म्हणूनच कोणी म्हणालं की काळाच्या क्रमाने, म्हणजे तिसरा-चौथा-पाचवा आणि मग पहिला-दुसरा असे बघा, तर ऐकू नका, आले त्याच क्रमाने बघा, नाहीतर ती टेप, ती बाहुली आणि तो किनारा तिन्ही वाया जातात.

शेवटी सीझरच्या पुतळ्याच्या डोळ्यातून पाणी येतं. मैत्रिणीने आठवण करून दिली की दुसऱ्यातही पुतळा रडला होता, रक्ताने. आता हे पाणी सुखाचं की दुःखाचं, माणूस-वानर सोबत राहायला शिकले का सगळं परत त्या किनाऱ्याकडेच चाललंय, यावर आमच्यात पाच जणांची पाच मतं आहेत आणि कोणी मागे हटलेलं नाही.

सेटबद्दलच्या बाकी गोष्टी पटकन. चित्र पहिल्याचं सगळ्यात उत्तम, चौथ्यातली रात्रीची दृश्यं गडद आहेत, दिवे पूर्ण मालवून बघा. सबटायटल चालू ठेवा, चार जण मध्ये बोलणार असतील तर त्याशिवाय पर्याय नाही, आणि जिथे कोण बोलतंय हाच विषय आहे तिथे शब्द वाचायला मिळणं बरंच. पुरवण्या भरपूर आहेत पण त्यांच्यात तेच तेच परत येतं, सगळ्या बघायची गरज नाही. १९९८ ची मॅकडॉवलने सादर केलेली डॉक्युमेंटरी मात्र चुकवू नका, तो त्याच वर्षी गेला. तिच्यात एक गोष्ट येते की शूटिंगच्या वेळी जेवायच्या सुट्टीत रंगभूषा केलेले नट कोणी न सांगता वेगवेगळे बसायला लागले, गोरिला गोरिलांसोबत, चिंपांझी चिंपांझींसोबत. पुतणीने ते दोनदा मागे घेऊन ऐकलं. ही डॉक्युमेंटरी पाचही झाल्यावरच लावा, तिच्यात सगळ्यांचे शेवट आहेत.

आम्ही ती सहाव्या बैठकीला बघितली. संपल्यावर सगळे निघायच्या तयारीत होते, मी डिस्क खोक्यात ठेवत होतो, आणि आत्या म्हणाली, "अरे थांब, पहिली परत लाव जरा, मला ती बाहुली बघायची आहे." लावली. गुहेचा प्रसंग, तुटकी बाहुली, तो आवाज. मग कोणी उठलं नाही, शेवटच्या लाटांपर्यंत सगळे बसून राहिले.